हक्काचं रडणं

मिरजेच्या त्या शुश्रूषालयाच्या ओसरीवर सकाळी हमखास हशा ऐकू यायचा. नवख्या माणसाला वाटे, आपण चुकून सहलीला आलेल्या मंडळींमध्ये शिरलो. खाटा कोवळ्या उन्हात ओढलेल्या असत. कुणी पत्ते पिसत असे, कुणी जुनी गाणी लावून मान डोलवत असे, कुणी नर्सबाईंची चेष्टा करत असे. त्या खाटांवरच्या सगळ्या माणसांचे दिवस भरत आले होते आणि त्यांतलं कुणीही रडत नव्हतं.

रणधीर खोत डबा घेऊन आला तेव्हा त्याची थोरली बहीण सुवर्णा उशांना टेकून बसली होती आणि शेजारच्या बाईंना कुठल्याशा जुन्या सामन्याची हकीकत रंगवून सांगत होती. तिचा कर्करोग आता पाठीच्या मणक्यांत आणि बरगड्यांत पसरला होता.

"ये धीऱ्या. आज उशीर केलास."

"गॅरेजात दोन रिक्षा अडून बसल्या होत्या. अक्का, दुखतंय का?"

"दुखतंय की. पाठीत कुणी सुरा फिरवतंय असं दुखतंय. तो ठेचा सरकव इकडं."

तिने भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि मिटक्या मारत खाल्ली. रणधीरला या उत्तराची अजून सवय झाली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी हीच बाई अंगावरची चादर सरकली तरी किंचाळत होती.

ही किमया शमनिकेची. केसाहून बारीक अशी एक तार मेंदूत खोल सोडलेली असते आणि कानामागे कातडीखाली एक छोटी चकती बसवलेली असते. औषधं वेदना बोथट करतात आणि त्यांच्याबरोबर माणूसही बोथट होतो, गुंगीत जातो. शमनिका वेदनेला हातच लावत नाही. वेदना जाणवली की मेंदूतली काही केंद्रं एकमेकांना इशारे देऊ लागतात आणि त्या इशाऱ्यांतून भीती, तळमळ, आकांत उभा राहतो. शास्त्रज्ञांनी त्या केंद्रांच्या साखळीला क्लेशजाल असं नाव दिलं होतं. शमनिका ते जाल सतत शांत ठेवते. त्यामुळे दुखतं हे कळतं, पण दुखण्याचं दुःख होत नाही. बुद्धी जागी, स्मरण पक्कं, बोलणं चोख.

सुवर्णा खोत म्हणजे सांगलीतल्या दोन पिढ्यांच्या खेळाडू मुलींची अक्का. आईवडील लवकर गेले, तेव्हा रणधीर शाळेत होता. तिने त्याला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही आणि उरलेला सगळा जीव कबड्डीला दिला. तिच्या संघातली पोरगी मध्यरेषा ओलांडून चढाईला निघाली की समोरच्या संघातल्या पोरी आपोआप अर्धं पाऊल मागे सरत, असं लोक म्हणायचे. अक्काचा आवाज मैदानाबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येई. तिला खोटं बोलता येत नसे, आणि कुणी तिच्यासाठी परस्पर ठरवलेलं खपत नसे.

आजार हाडांत उतरला तेव्हा तिने सरळ अर्ज केला. सुटकेचा कायदा येऊन आता बरीच वर्षं झाली होती. बरा न होणारा आजार, असह्य आणि न शमणारे क्लेश आणि रुग्णाची स्वतःची ठाम इच्छा, एवढ्या गोष्टी मंडळासमोर सिद्ध झाल्या की डॉक्टरांच्या हातून शांत मरण मिळत असे. पण शमनिका आली आणि कायद्याच्या मजकुरात एक अक्षर न बदलता सगळंच बदललं. क्लेश न शमणारे आहेत हे ठरवायचं तर आधी शमनिका बसवून पाहायला हवी, असा नियम झाला. आणि ती बसवली की क्लेश शमतच. त्यानंतर कुणाचाही अर्ज मंजूर झाला नव्हता. खरं तर अर्ज मंडळापर्यंत पोहोचतच नव्हते. माणसं आपणहूनच ते विसरून जात.

चकती बसवायच्या आदल्या दिवशी अक्काने दात आवळत रणधीरचा हात धरला होता. तो तिचा इच्छासाक्षी होता. रुग्णाची इच्छा काय आहे हे त्याच्या वतीने सांगण्याचा अधिकार कायद्याने इच्छासाक्षीला असतो.

"धीऱ्या, उद्यापासनं मी गोड गोड बोलायला लागीन. सगळे तसंच बोलतात म्हणे. तर मला आठवण करून द्यायची. अर्ज मी केलाय म्हणून."

"देईन."

"शपथ घे."

त्याने घेतली. पण चौथ्या दिवशी अक्का उठून बसली, तिने आंबोळी मागितली, त्याच्या टकलावरून हात फिरवून "केस कुठं विकून खाल्लेस रे?" असं विचारून मनापासून हसली. त्याला आपली बहीण परत मिळाली होती. अर्जाचा विषय डॉक्टरांनी काढला तेव्हा ती म्हणाली, "बघू की, काय घाई आहे?" रणधीर शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अक्काशिवाय त्याला होतं कोण?

असे दिवस छान चालले होते आणि मग शालन गेली.

शालन वाघमोडे ही अक्काची पहिली शिष्या, पुढे मैत्रीण आणि कबड्डी क्लबमधली जोडीदार. ढालगावकडची धनगराची पोर. अक्काने तिला शाळेच्या मैदानावर पळताना पाहिलं आणि तिच्या वडिलांशी भांडून सांगलीला आणलं. पुढची चाळीसेक वर्षं दोघींनी एकत्र मैदान झाडलं, एकत्र पोरी घडवल्या, एकमेकींशी रोज भांडण केलं. आदल्या रविवारीच ती ओसरीवर येऊन तास न् तास बसली होती. आणि त्या दिवशी सकाळी मैदानावर पाणी मारता मारता ती कोसळली ती उठलीच नाही.

रणधीर गेटबाहेर बराच वेळ रिक्षात बसून राहिला. बातमी कशी सांगायची ते त्याला सुचत नव्हतं. शेवटी तो आत गेला, खाटेच्या कडेला बसला आणि त्याने बहिणीचा हात हातात घेतला.

"अक्का, शालन गेली ग."

"कुठं गेली?"

"गेली म्हणजे... वारली. सकाळी. हृदय बंद पडलं."

अक्का त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू पुरतं मावळलंही नव्हतं.

"अरेरे. मैदानावरच का? तिला तसंच पाहिजे होतं." मग तिने मान वळवली. "बाई, चहा येणार आहे का आज?"

चहा आला. ती कपाला ओठ लावणार तोच थांबली. कप तसाच हातात. मग तिने तो हळूच खाली ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे अशी पाहू लागली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

"धीऱ्या, मला आत्ता काहीतरी व्हायला पाहिजे होतं ना?"

रणधीर तिच्या आणखी जवळ सरकला.

"शालन मेली," ती शांतपणे म्हणाली. "हे मला कळतंय. ती कोण होती तेही आठवतंय. तिच्या हातची चटणी आठवतीय. पण आत काही हालत नाही. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परत येऊच नये, तसं झालंय." तिने कप बाजूला सारला. "आणि त्याचंही मला काही वाटत नाही. डॉक्टरला बोलव."

डॉक्टर रुमाना मुजावर आल्या. पस्तिशीच्या, बोलायला मऊ, पण कामात कडक. अक्काने त्यांना एकच गोष्ट सांगितली. चकती बंद करा.

"विराम देता येतो अक्का, नियमात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण सगळं एकदम परत येईल. इतके दिवस दाबलेलं साचून येत नाही, येईल ते फक्त आजचं. पण आजचं पुष्कळ आहे."

"माझंच आहे ना?"

"तुमचंच."

"मग द्या."

डॉक्टरांनी दार लावून घेतलं, कानामागे एक छोटं यंत्र टेकवलं आणि चकती थांबवली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग अक्काचा श्वास लहान लहान होत गेला. कपाळावर घाम डवरला. तिची पाठ ताठ झाली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रणधीरला कधी विसरायचा म्हटला तरी विसरता येणार नव्हता. त्याला वाटलं हे हाडांचं दुखणं. पण ती ओरडत होती ते नाव शालनचं होतं.

ती शालनला शिव्या देत होती. मला न सांगता गेलीस, माझा नंबर आधी होता, तू कोण मध्ये घुसणारी. रडता रडता तिच्या पाठीतून कळ जाई, की शब्द तुटत, कळ ओसरली की पुन्हा शालन. डॉक्टरांनी मॉर्फिन टोचलं. त्याने धार थोडी कमी झाली. ओसरीवरचा हशा थांबला होता. दाराबाहेर कुणीतरी विचारत होतं, "काय झालं? कोण रडतंय?" त्या इमारतीत तो आवाज कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

दुपार कलली तेव्हा अक्का दमून पडली होती. डोळे सुजलेले, ओठ चावून फुटलेले. पण नजर मैदानावरची होती.

"तू मला आठवण करून दिली नाहीस," ती म्हणाली.

रणधीरने मान खाली घातली. "नाही दिली."

"का?"

"तू हसत होतीस म्हणून." आणि मग एकदम त्याचा बांध फुटला. "मी काय करणार होतो? तू जेवत होतीस, माझी थट्टा करत होतीस. तुला मरायचं होतं ना, ते तुला दुखत होतं म्हणून. दुखायचं थांबलं, मरायचंही थांबलं. यात वाईट काय झालं? ती हसणारी माझी अक्का नव्हती काय? खोटी होती?"

"खोटी कशी? मीच होते. मला आंबोळी गोडच लागली."

"मग?"

"मग हे, की माझ्या डोक्यात बसून दुसरंच कुणीतरी ठरवतंय मला काय लागावं आणि काय लागू नये." कळ आली. ती जाईपर्यंत तिने डोळे मिटून घेतले. "आपल्या गल्लीतल्या चौगुल्यांच्या आजी आठवतात तुला? सल्लेखना घेतली होती. अन्न सोडलं, पाणी सोडलं. सगळा गाव पाया पडायला येत होता. त्यांचे मुलगे रडत होते, सुना रडत होत्या. पण त्या म्हाताऱ्या बाईला कुणी म्हणालं नाही, की थांबा, तुमच्या डोक्यात तार घालतो म्हणजे तुम्हाला भूक लागंल."

"आज त्यांना तशी परवानगी मिळाली नसती," रणधीर म्हणाला.

"तेच म्हणते मी."

तिने डॉक्टरांकडे मान वळवली. मग अक्का म्हणाली, "मंडळाला बोलवा. अर्ज कायम आहे."

डॉक्टर मुजावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "सुनावणीच्या वेळी शमनिका चालू असावी लागते अक्का. वेदनेच्या भरात दिलेलं मत ग्राह्य धरत नाहीत. आणि एकदा चालू झाली, की तुम्हाला..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"की मला काही वाटणार नाही. माहीत आहे." अक्का हसली, फुटलेल्या ओठांनी. "तिला विचारा की. त्या गोडबोलीला. माझा भरवसा आहे तिच्यावर. माझ्याच हाताखाली तयार झालीय ती."

सुनावणी शुश्रूषालयाच्याच बैठकीच्या खोलीत झाली. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश कौस्तुभ सबनीस होते. पांढऱ्या मिशांचे, सौम्य गृहस्थ. सोबत दोन सदस्य. चकती पुन्हा चालू करून दोन दिवस झाले होते. अक्का चाकाच्या खुर्चीत आली ती ओसरीवरच्या कुणाची तरी थट्टा करतच. तिचा चेहरा धुतल्यासारखा शांत होता. ती आता काय बोलेल हे त्याला कळत नव्हतं, आणि तिने काय बोलावं असं आपल्याला वाटतं तेही कळत नव्हतं.

"सुवर्णाताई," सबनीसांनी विचारलं, "तुम्हाला या क्षणी क्लेश आहेत?"

"नाहीत."

"मरावंसं वाटतं?"

"नाही वाटत. सकाळी आंबोळी खाल्ली. उद्याही खावीशी वाटते."

सबनीसांच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. "मग अर्ज मागे घेताय, असं समजू?"

"कशाला समजता? अर्ज कायम आहे."

एका सदस्याने चष्मा काढून पुन्हा लावला.

"मला समजलं नाही," सबनीस म्हणाले. "मरावंसं वाटत नाही आणि मरण मागता?"

"साहेब, मला काय वाटतं ते तुम्ही विचारलंत. मी काय ठरवलंय ते विचारा की." अक्काचा आवाज चढला नाही. चढू शकतच नव्हता. पण शब्द एकेक करून जमिनीवर पाय रोवल्यासारखे येत होते. "मी आयुष्यभर पोरींना चढाई शिकवली. पलीकडं सात जणी टपून बसलेल्या असतात. आपल्या पोरीला जावंसं वाटतं होय? तिला पळून जावंसं वाटतं. तरी ती जाते, कारण ठरलेलं असतं. वाटणं रोज बदलतंय. ठरवायला कारण लागतं. माझी हाडं पोखरलीत, ते बदललंय का? थोड्या दिवसांनी हात हलणार नाहीत, मग गिळता येणार नाही, मग मी कोण तेही मला कळणार नाही. हे बदललंय? डॉक्टर, बदललं असलं तर सांगा."

डॉक्टर मुजावरांनी नकारार्थी मान हलवली.

"तर कारणं जागच्या जागी आहेत. तुम्ही फक्त ती मला लागू देत नाही."

सबनीस थोडे पुढे झुकले. ते वाद जिंकायला आलेले नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. "ताई, मी न्यायालयात पाहिलंय, माणूस घाबरलेला असताना जे ठरवतो त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप होतो. वेदनेत असलेलं मन हे घाबरलेलं मन. मग तुमचं हे शांत मन हेच तुमचं खरं मन, असं आम्ही का मानू नये?"

"शालन मेली तेव्हा या शांत मनानं चहा मागितला, साहेब. चाळीस वर्षांची मैत्रीण. आत्ताही मी तिचं नाव घेते आणि मला काही होत नाही. बघा, डोळे कोरडे आहेत." तिने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "घाबरलेल्या मनाचं ऐकू नका, बरोबर आहे. पण ज्या मनाला मैत्रीण मेलेली लागत नाही, त्याचं तरी कोणत्या तोंडानं ऐकता?"

"मग आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"दोघींचं ऐका. परवा ती ओरडत सांगत होती, आज मी हसत सांगते. दोघी एकच सांगतायत."

रणधीरला रडू येत होतं आणि अभिमानाने ऊरही भरून येत होता. बाहेर वाट पाहण्यासाठी मंडळाने त्यांना पाठवलं आणि थोड्याच वेळात परत बोलावलं. सबनीस खुर्चीत खचल्यासारखे दिसत होते.

"ताई, व्यक्तिशः मला तुमचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण कायद्यात असह्य आणि न शमणारे क्लेश असे शब्द आहेत. तुमचे क्लेश शमलेले आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. अर्ज नामंजूर करावा लागतोय."

"मला वाटलंच होतं," अक्का म्हणाली. "मग दुसरं मागते. हे काढा." तिने कानामागे बोट ठेवलं. "विराम नको. तारेसकट काढा."

"काढल्यावर होणारे क्लेश तुम्ही स्वेच्छेने पत्करलेले ठरतील," सबनीस घाईने म्हणाले. "पुन्हा अर्ज करता येणार नाही. आराम जाईल आणि सुटकेचा हक्कही जाईल. कृपा करून विचार करा."

"म्हणजे तुम्ही मला मरू देत नाही. ठीक आहे. नका देऊ. पण मग जगायचं तर मी माझ्या डोक्यानं जगणार. माझं रडणं मला परत द्या."

तार काढण्याआधी डॉक्टर मुजावर रणधीरला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. "तुम्ही साक्षी आहात. तुम्ही सांगून बघा त्यांना," त्या म्हणाल्या. "शमनिकेविना हा आजार शेवटी काय करतो ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. माझे आजोबा, आमचे दादाजान, कसे गेले ते घरात आम्ही अजून बोलत नाही. मी हे शास्त्र शिकले ते त्यांच्यामुळे. ती किंकाळी बंद झाली म्हणून मी देवाचे आभार मानते. आणि आज ती मीच पुन्हा चालू करू?"

रणधीरने ओसरीकडे पाहिलं. अक्का कुणाला तरी पत्त्यात हरवत होती. "डॉक्टर," तो म्हणाला, "एकदा मी गप्प बसलो. आता नाही बसणार. तिनं सांगितलंय तसं करा."

तार निघाली. रणधीर बहिणीला सांगलीला घरी घेऊन आला. घर क्लबच्या मैदानाला लागूनच होतं. शालनच्या शोकसभेला अक्का खुर्चीवर बसून गेली. म्हाताऱ्या झालेल्या खेळाडू पोरी आणि शाळेतल्या चिमुरड्या सगळ्या आल्या होत्या. कुणी भाषण करायच्या आत अक्काने गळा काढला. तिच्या रडण्याने सगळ्यांचं रडणं मोकळं झालं, आणि त्या रडण्यातच कुणीतरी शालनच्या एका फसलेल्या पकडीची गोष्ट सांगितली, तेव्हा अक्का पोट धरून हसली. हसताना बरगडी दुखली म्हणून तिने सणसणीत शिवी घातली. रणधीर पाहत होता. ओसरीवरचं हसणं आणि हे हसणं यांत काय फरक होता ते त्याला शब्दांत सांगता आलं नसतं.

पण पुढचे दिवस सोपे नव्हते. मॉर्फिन पुरत नसे. वाढवलं की ती गुंगीत जाई आणि जागी झाली की चिडे. एका दुपारी तिने टॉवेल दातांत धरला होता आणि तो फाटेपर्यंत सोडला नाही. रणधीर तिच्या पायाशी बसला होता.

"अक्का, परत बसवू या का ग ते?"

कळ ओसरल्यावर ती म्हणाली, "नाही." मग त्याचा चेहरा पाहून म्हणाली, "विचारलंस म्हणून रागावले नाही. रोज विचार. रोज नव्यानं नाही म्हणीन."

तो रोज विचारू लागला. ती कधी मानेने नाही म्हणे, कधी शिवी देऊन, कधी "आज स्वयंपाकात मीठ विसरलास, ते आधी बघ" असं म्हणून. एक दिवस मात्र तिने उत्तर द्यायला फार वेळ घेतला. छताकडे पाहत राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत ओघळलं. "आज नको," ती शेवटी म्हणाली. "उद्याचं उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा स्वच्छ नाही म्हटलं.

शेवटचे दोन दिवस फार वाईट गेले. त्याबद्दल रणधीर कुणाशी बोलला नाही. ती गेली ती सकाळी, उन्हं वर आली असताना. मैदानावर पोरींचा सराव चालू होता आणि खिडकीतून त्यांचा गलका आत येत होता. अक्काने रणधीरचा हात इतका घट्ट धरला होता, की तो सोडवायला शेजारच्यांना यावं लागलं.

तेराव्यानंतर डॉक्टर मुजावर भेटायला आल्या. चहा झाला. बराच वेळ त्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"अक्का गेल्यापासून ओसरीवर काहीतरी बदललंय," त्या म्हणाल्या. "नरसगोंडा बिरनाळे म्हणून एक आजोबा आहेत. साखर कारखान्यात केमिस्ट होते. परवा मला म्हणाले, माझी बायको गेली तेव्हा मी म्हणे टीव्ही बघत होतो. मला थोडा वेळ बंद करून द्या, तिच्यासाठी बसायचं आहे. मी दिला विराम. ते तासभर रडले. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, आता चालू करा. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी मागितलं. आता रोज कुणी ना कुणी मागतं. कुणी भांडलेल्या मुलाला फोन करतं. कुणी नुसतंच ओरडतं. बहुतेक जण परत चालू करून घेतात. सगळेच नाही."

"अक्काला आवडलं असतं," रणधीर म्हणाला.

"पण नातेवाइकांच्या तक्रारी आल्यात. आम्ही आमच्या माणसाला शांततेसाठी इथं ठेवलंय, असं म्हणतात. आणि आता नवीन शमनिका येतीय. आजाराचं निदान झालं की लगेच बसवायची. तिला विराम नाही. रुग्णाला उगाच त्रास होऊ नये म्हणून ती सोयच काढून टाकलीय." त्यांनी कप खाली ठेवला. "मी लेखी विरोध केलाय. अक्काची केस जोडलीय. बघू." मग त्यांनी सरळ त्याच्याकडे पाहिलं. "एक विचारू दादा? तुम्ही सगळं पाहिलंत. ओसरीवरचं आणि या खोलीतलंही. उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही बसवून घ्याल?"

रणधीर खिडकीशी गेला. मैदानावर एक किरकोळ मुलगी दम धरून, मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या अंगणात घुसली होती आणि सगळ्या जणी तिच्यावर तुटून पडल्या होत्या.

"घेईन," तो म्हणाला. "मी अक्का नाही. मला ते दोन दिवस झेपणार नाहीत." तो डॉक्टरांकडे वळला. "पण डॉक्टर, अक्काला साक्षीला मी तरी होतो. मी तिथं बसून मजेत हसत असेन, आंबोळी मागत असेन, सगळे म्हणत असतील किती समाधानी आहे हा. तेव्हा ते यंत्र बंद करून मला माझं मत विचारायला कोण येणार आहे?"